उन्हाळ्यात जीएफपीच्या कॉलन्या पांढऱ्याच का राहतात? दरवर्षीच्या एका अडचणीचा शोध

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमची अडचणही हीच आहे का ते कळेल.

डिसेंबरात ट्रान्सफॉर्मेशनचं प्रॅक्टिकल, म्हणजे ई. कोलाय जिवाणूत जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा जनुक घालणं, घेतलं की प्लेटा सुरेख येतात. दिवे मालवायचे, यूव्ही टॉर्च धरायचा आणि ई. कोलायच्या कॉलन्या पोपटी हिरव्या उजळतात. शेवटच्या बाकावरची मुलंही उठून पुढे येतात. तेच प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं छोटं वर्तुळ), तोच जिवाणूंचा स्टॉक, तीच एलबी अगारची (जिवाणूंच्या घट्ट खाद्याची) बरणी घेऊन मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलात प्रॅक्टिकल लावलं की कॉलन्या येतात, भरपूर येतात, गुबगुबीत येतात, पण पांढऱ्या. टॉर्च कितीही जवळ नेला तरी पांढऱ्या. आणि नेमक्या याच दिवसांत प्रात्यक्षिक परीक्षा असतात.

सोलापुरात मी हे ओळीने तीन उन्हाळे पाहिलं. पहिल्या वर्षी मुलांचा हात चुकला असं धरलं. दुसऱ्या वर्षी आयपीटीजी, म्हणजे जनुक चालू करणारं रसायन, नवीन मागवलं. तिसऱ्या वर्षी प्लाझ्मिड पुन्हा काढलं, एन्झाइमने कापून जेलवर तपासलं. ते ठणठणीत होतं. अँपिसिलीन या प्रतिजैविकात प्लाझ्मिड असलेलेच जिवाणू तगतात; ते असलेल्या अगारवर जिवाणू वाढत होते, म्हणजे प्लाझ्मिड पेशीत शिरलंही होतं. मग हिरवं कुठे गेलं?

उत्तर शेवटी आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांकडून आलं. इन्क्युबेटर पुसता पुसता ते म्हणाले, "मॅडम, हा तांबडा दिवा थंडीत सारखा लागतो-विझतो. उन्हाळा लागल्यापासून एकदाबी लागला नाही बघा."

मी म्हटलं, "मामा, दिवा बंद म्हणजे तापमान आलंय."

"आलंय नव्हं, वर गेलंय. ह्या पेटीत गार करायचं काय नाही की ओ. नुसतं तापवायचं हाय."

साधा इन्क्युबेटर म्हणजे हीटर आणि थर्मोस्टॅट. खोली २२ अंशांवर असेल तर तो पेटीला ३० पर्यंत वर नेतो. खोलीच ३८ वर असेल तर त्याला ३० वर आणण्याचं कसलंही साधन त्याच्याकडे नसतं. थंड करणारं यंत्र बीओडी इन्क्युबेटरमध्ये असतं, साध्यात नसतं. हे मला ठाऊक होतं, पुस्तकात होतं, तरी डायल ३० वर आहे एवढं पाहून मी पुढे जात होते. त्या दिवशी पेटीत कमाल-किमान तापमापी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कमाल ४१ आणि किमान ३५ दाखवलं. वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोली, धुळीमुळे खिडक्या बंद, दिवसभर तापलेल्या भिंती. रात्रीसुद्धा उतार पडत नाही.

जिवाणूंना याचं काही वाटत नाही. ई. कोलाय माणसाच्या आतड्यातला, ३७ अंश त्याच्या घरचं तापमान, चाळिशीतही तो मजेत वाढतो. म्हणून कॉलन्या झकास दिसतात आणि शंका तापमानाकडे वळतच नाही. अडतं ते जीएफपीचं.

प्रकाश कुठून येतो ते आधी

पुढचे उपाय पटायचे असतील तर या प्रथिनाची रचना डोळ्यांपुढे असायला हवी. मी वर्गात ती कणगीच्या उपमेने सांगते. ज्यांच्या घरी ज्वारीची कणगी होती त्यांना पुढचं लगेच दिसेल. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी, बांबूच्या कामट्यांनी विणलेलं, उभं, पोटाशी गोल असं धान्याचं पिंप.

हरित प्रतिदीप्त प्रथिन, म्हणजे जीएफपी, ही २३८ अमिनो आम्लांची एक साखळी आहे, वजन सुमारे २७ किलोडाल्टन. ही साखळी पुढे-मागे दुमडत ११ पट्ट्या होतात, त्यांना बीटा पट्ट्या म्हणतात. त्या एकमेकींच्या शेजारी उभ्या राहतात, हायड्रोजन बंधांनी कडेला कड बांधली जाते आणि गोल कणगी तयार होते. उंची सुमारे ४ नॅनोमीटर, रुंदी साधारण अडीच. वर आणि खाली साखळीचे छोटे वेढे झाकणासारखे बसतात. कणगीच्या मधोमध एक नागमोडी पेड आरपार जातो आणि त्या पेडावर, बरोबर पोटात, प्रकाशाचा गाभा असतो. त्याला क्रोमोफोर म्हणतात.

हा गाभा बाहेरून आणून बसवलेला नाही, आणि या प्रथिनाची खरी अपूर्वाई तीच. हिमोग्लोबिनला हीम लागतो, डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनला रेटिनल लागतं. जीएफपी आपला रंग स्वतःच्याच साखळीतून घडवतं. ६५ वं सेरिन, ६६ वं टायरोसिन, ६७ वं ग्लायसिन ही तीन लागोपाठची अमिनो आम्लं. ग्लायसिनचा नायट्रोजन सेरिनच्या कार्बनला जाऊन भिडतो, पाच अणूंचं कडं तयार होतं, पाण्याचा एक रेणू निघून जातो. मग हवेतला ऑक्सिजन टायरोसिनच्या बाजूचा बंध बदलतो आणि त्यासोबत हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडतं. आता कडं आणि टायरोसिनचं वलय सलग जोडलं जातं आणि त्या जोडीला प्रकाश शोषता येतो.

सेरिन-टायरोसिन-ग्लायसिन ही तिकडी इतर कितीतरी प्रथिनांतही आहे. तिथे कडं होत नाही, रंग येत नाही. कारण हे घडायला ती साखळी कणगीच्या आत विशिष्ट कोनात वाकवून धरावी लागते आणि शेजारी ९६ वं आर्जिनिन व २२२ वं ग्लुटामेट हजर असावं लागतं. म्हणजे क्रम ठरलेला आहे: आधी घडी, मग कडं, मग ऑक्सिजन. पहिली पायरी हुकली की पुढचं काहीच होत नाही.

घडीचं काम इथेही संपत नाही. तयार गाभा कणगीतून काढून नुसता पाण्यात ठेवला तर तो जवळजवळ चमकतच नाही. शोषलेली ऊर्जा तो वळवळण्यात आणि पाण्याला धडकण्यात घालवून बसतो. कणगीच्या भिंती त्याला घट्ट धरतात, बाहेरचं पाणी दूर ठेवतात, म्हणून ऊर्जेला प्रकाश होऊन बाहेर पडण्यावाचून वाट राहत नाही.

मग उन्हाळ्यात बिघडतं काय?

ज्या जेलीफिशचं हे प्रथिन, ती एक्वोरिया व्हिक्टोरिया, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या गार समुद्रात राहते. ओसामू शिमोमुरा यांनी १९६१ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बरला सुमारे १०,००० जेलीफिश गोळा केल्या त्या याच. १९६२ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्यातून एक्वोरिन हे निळा प्रकाश देणारं प्रथिन वेगळं केल्याचं प्रसिद्ध केलं, आणि त्याच कामात सोबत सापडलेल्या एका हिरव्या प्रथिनाची नोंद झाली. ते हे जीएफपी. समुद्रात एक्वोरिन कॅल्शियम मिळालं की निळी ऊर्जा देतं आणि जीएफपी ती घेऊन हिरवी करून सोडतं.

मुद्दा असा की या साखळीला गार पाण्यात घडी घालायची सवय. तिला ३७ किंवा ४० अंशांच्या पेशीत तयार केलं तर अर्धवट दुमडलेल्या अवस्थेत तिचे पाणी टाळणारे भाग उघडे राहतात, शेजारच्या साखळ्यांचे तसेच भाग त्यांना चिकटतात आणि गाठोडी होतात. जिवाणूच्या पेशीत ही गाठोडी गोळ्यांसारखी साचतात, त्यांना इन्क्लूजन बॉडी म्हणतात. प्रथिन बनलेलं असतं, भरपूर बनलेलं असतं, पण कणगी विणलेलीच नसते. कामट्यांचा नुसता ढीग.

हे मला पुस्तकी वाटू नये म्हणून आम्ही जेल चालवून पाहिलं, आणि ज्यांच्याकडे एसडीएस-पेजची (प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलची) सोय आहे त्यांनी हे एकदा जरूर करावं. डिसेंबरासारख्या थंडाव्यात २८ अंशांवर वाढवलेले आणि एप्रिलच्या पेटीत वाढवलेले, दोन्हींचे सारखे जिवाणू घेतले, फोडले, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले. वरचं पाणी वेगळं, खालचा गाळ वेगळा. कूमासी रंग चढवून धुतल्यावर २७ किलोडाल्टनच्या ओळीत गोष्ट स्पष्ट दिसली. न फिरवलेल्या एकूण अर्कात दोन्हींची पट्टी सारखीच जाड. पण थंडाव्यातल्या जिवाणूंची जाड पट्टी वरच्या पाण्यात होती आणि उन्हाळ्यातल्यांची खालच्या गाळात. मुलांनी जेल खिडकीकडे धरून पट्ट्यांवर बोट ठेवलं, आणि "प्रोटीन झालंच नाही" हे जर्नलमधलं वाक्य तिथल्या तिथे खोडलं.

एक गैरसमज इथेच काढते. "जीएफपीला उष्णता सोसत नाही" असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. एकदा नीट विणलेली, गाभा तयार झालेली कणगी विलक्षण चिवट असते. नीट घडलेलं जीएफपी ६५ अंशांच्या पाण्यात धरलं तरी हिरवंच राहतं, ते मोडायला सत्तरीच्या वर जावं लागतं. नाजूक आहे ती घडी घालण्याची वेळ. म्हणून तयार हिरवी प्लेट उन्हाळ्यात टेबलावर राहिली तरी घाबरू नका. काळजी घ्यायची ती पेरल्यापासून पहिल्या दीड-दोन दिवसांत.

उपाय

तापमापी पेटीच्या आत, प्लेटांच्या शेजारी ठेवा. डायलवर विश्वास ठेवू नका. हे एवढं केलंत तरी निम्मी अडचण सुटली, कारण मग बाकीचे उपाय तुम्ही स्वतः शोधाल.

बीओडी इन्क्युबेटर असेल तर २८ वर लावा. आमच्याकडे तो दुसऱ्या विभागासोबत वाटून घ्यावा लागतो आणि रात्री वीज गेली की त्याचं बंद कपाट होतं, सकाळपर्यंत आत पुन्हा छत्तीस. त्याच्या भरवशावर परीक्षा ठेवताना एक जादा बॅच आधीच्या दिवशी लावून ठेवतो.

थर्मोकोलच्या खोक्यात गोठवलेल्या जेल पिशव्या ठेवून पाहिल्या. मला हा उपाय आवडला नाही. पहिले काही तास आत १२ अंश, जिवाणू वाढतच नाहीत. पहाटेपर्यंत पिशव्या वितळतात आणि पुन्हा तिशीच्या वर.

टिकला तो रांजणाचा उपाय. मोठा रांजण, त्याच्या पोटात छोटा माठ, दोन्हींच्या मध्ये वाळू, वाळू सतत ओली, वर ओलं गोणपाट. सोलापूरचा उन्हाळा कोरडा आहे, हवेत ओल नसते, म्हणून पाणी झपाट्याने उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. आपल्याकडे माठातलं पाणी गार राहतं त्याच कारणाने. बाहेर खोलीत ३८ असताना आतल्या माठात दुपारी २९ आणि पहाटे २६ अशी नोंद आम्हाला मिळाली, आणि चढउतारही सावकाश होतो, जे प्लेटांना मानवतं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हा उपाय इतका चालणार नाही.

त्यात काळजी घ्यायच्या गोष्टी अशा. प्लेटा उलट्या, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवायच्या, नाहीतर ओलीमुळे बुरशी चढते. पण डबा चिकटपट्टीने हवाबंद करू नका, ऑक्सिजन लागणार आहे. रांजण प्रयोगशाळेच्या आतच, उत्तरेच्या खिडकीजवळ, कुलपात ठेवायचा. जनुक बदललेले जिवाणू व्हरांड्यात ठेवायचे नसतात. त्यावर तांबड्या रंगाने "पिण्यासाठी नाही" असं मोठं लिहा, उन्हाळ्यात माठ दिसला की हात आपोआप जातो. पाण्याचं म्हणाल तर शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते वाळूवर ओतवत नाही. डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्रातून गार करायला वापरलेलं जे पाणी मोरीत जातं ते मामा बादलीत धरतात आणि सकाळ-संध्याकाळ तेच वाळूला देतात. एक बादली दोन दिवस पुरते.

२८ अंशांवर कॉलन्या हळू वाढतात. ३७ ला एका रात्रीत होणारं काम इथे ३६ ते ४८ तास घेतं. मूळ जेलीफिशच्या जनुकात ऑक्सिजनची पायरी काही तास खाते, तेव्हा दुसऱ्या सकाळी फिकट दिसलं तर टाकून देऊ नका. द्रव माध्यमात वाढवत असाल तर आधी ३७ ला गढूळ होऊ द्या, मग फ्लास्क गार करून, आयपीटीजी कमीच, ०.१ मिलिमोलरच्या आसपास घालून, रात्रभर थंडाव्यात हलवत ठेवा. प्रथिन सावकाश बनलं की घडी घालायला सवड मिळते.

आणि शक्य असेल तर प्लाझ्मिडच बदला. हा कायमचा उपाय. आम्ही वापरत होतो तो मूळ जनुक होता. १९९६ साली या जनुकाचे तुकडे पुन्हा पुन्हा पिसून त्यातून उजळ जिवाणू निवडण्याचा प्रयोग झाला आणि तिसऱ्या फेरीत जो प्रकार निघाला त्यात तीन बदल होते: ९९ व्या जागी फेनिलॲलनिनऐवजी सेरिन, १५३ व्या जागी मेथिओनिनऐवजी थ्रिओनिन, १६३ व्या जागी व्हॅलिनऐवजी ॲलनिन. गाभ्याला हातही लावलेला नाही. पाणी टाळणारी अमिनो आम्लं काढून त्या जागी सौम्य बसवली, गाठोडी कमी झाली आणि ई. कोलायच्या पेशी आधीपेक्षा ४५ पट उजळल्या. शाळा-कॉलेजांच्या प्रॅक्टिकलमध्ये बहुतेकदा हाच प्रकार असतो, त्याला जीएफपी-यूव्ही म्हणतात. त्याहून चिवट हवं असेल तर २००६ साली आलेला सुपरफोल्डर प्रकार आहे. तुमच्या स्टॉकच्या बाटलीवर नुसतं "जीएफपी" लिहिलेलं असेल तर ज्यांच्याकडून आणलंत त्यांना फोन करून कोणतं ते विचारा. आम्ही हे विचारायला तीन वर्षं लावली.

तापमान ठीक आहे, तरी पांढरं?

मग बहुधा पुढीलपैकी काहीतरी.

टॉर्च. मुलांची एक समजूत असते की अंधारात प्लेट आपोआप उजळेल, काजव्यासारखी. नाही उजळणार. जीएफपी स्वतः प्रकाश निर्माण करत नाही, घेतलेला परत देतं. वरून योग्य रंगाचा प्रकाश पडायलाच हवा. मूळ जीएफपी आणि जीएफपी-यूव्ही ३९५ नॅनोमीटरचा जांभळा सर्वांत जास्त घेतात, थोडा ४७५ चा निळाही घेतात, आणि ५०८ च्या आसपास हिरवा देतात. मधे एक सुंदर गोष्ट घडते: जांभळा प्रकाश शोषल्यावर टायरोसिनचा एक प्रोटॉन शेजारच्या पाण्याच्या रेणूमार्गे आणि २०५ व्या सेरिनमार्गे २२२ व्या ग्लुटामेटकडे उडी घेतो, आणि मगच हिरवा प्रकाश सुटतो. नोटा तपासायचा टॉर्च इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, तो ३६५ किंवा ३९५ चा असतो, त्याने काम भागतं. पण तुमच्याकडे ईजीएफपी हा सुधारलेला प्रकार असेल तर गणित पालटतं. रॉजर चेन यांच्या गटाने १९९५ मध्ये ६५ व्या सेरिनच्या जागी थ्रिओनिन बसवलं, त्याने ऑक्सिजनची पायरी सुमारे चौपट वेगाने होऊ लागली आणि शोषण ३९५ वरून ४८९ च्या निळ्याकडे सरकलं. ईजीएफपीत हाच बदल आहे. अशा प्लेटेवर जांभळा टॉर्च धरलात तर फारसं काही दिसणार नाही; निळा एलईडी धरा आणि डोळ्यांसमोर नारिंगी जिलेटिन कागद. जंतू मारायचा २५४ चा दिवा मात्र यासाठी कधीच वापरू नका, त्याने डोळे जातात आणि जिवाणूंचा डीएनएही. कोणत्याही टॉर्चसोबत यूव्ही चष्मा हवा.

शेजारी प्लाझ्मिड नसलेल्या जिवाणूंची प्लेट ठेवल्याशिवाय "चमकतंय" असं लिहू नका. एलबी माध्यम स्वतःच थोडं निळसर उजळतं आणि त्यालाच हिरवं समजून गुण दिलेले मी पाहिले आहेत.

साखर. अरॅबिनोज ही साखर मिळाल्यावरच जनुक चालू होणारं प्लाझ्मिड असेल तर बाटलीवर एल-अरॅबिनोज आहे ना ते बघा, डी चालत नाही. माध्यमात ग्लुकोज असेल तर जिवाणू आधी तेच खातात आणि जनुक बंद राहतो. साखर आणि अँपिसिलीन दोन्ही अगार हाताला सोसेल इतपत, पन्नाशीपर्यंत, निवल्यावर घाला. उकळत्या अगारात घातलेलं अँपिसिलीन मरतं, आणि मग मोठ्या कॉलनीभोवती बारीक बारीक टिपक्यांसारख्या कॉलन्या उगवतात. त्यांच्यात प्लाझ्मिडच नसतं. लूपने नेमकी त्यातली एक उचललीत तर पुढचं सगळं पांढरं.

हवा. हे एकदा मुद्दाम करून बघण्यासारखं आहे. झाकणाची नळी काठोकाठ माध्यमाने भरून न हलवता वाढवा. सकाळी टॉर्च धरलात तर वर फक्त एक पातळ हिरवी कडी दिसते आणि खाली सगळं दुधी. तोच गाळ फिरवून उघड्या वाटीत पसरा, तास-दोन तासांत हिरवा चढू लागतो. प्रथिन घडून तयार होतं, ऑक्सिजनची वाट बघत होतं. फ्लास्क एक पंचमांशच भरायचा आणि हलवायचा, तो याचसाठी.

आम्लता. साखर खाऊन जिवाणूंनी माध्यम आंबवलं किंवा अर्क चुकीच्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) काढला तर चमक उतरते, ईजीएफपीची तर सहा पीएचला अर्ध्यावर येते. पीएच ८ चं ट्रिस बफर घाला, बहुतेक वेळा डोळ्यांदेखत परत येते. परत आली नाही तर कारण दुसरं आहे. आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची काचपट्टी नेलपॉलिशने बंद करू नका, त्याने जीएफपीची चमक मरते. व्हॅसलीन किंवा मेण वापरा.

आज समोर पांढऱ्या प्लेटा आहेत त्यांचं काय करायचं

फेकू नका. त्या रांजणात, किंवा गार खोलीत २२ ते २५ अंशांवर, दोन दिवस ठेवा. झालेली गाठोडी सहसा उलगडत नाहीत, पण जिवंत पेशी नवीन प्रथिन बनवतच असतात आणि ते थंडाव्यात नीट घडतं. हिरवं आधी कॉलनीच्या कडेला येतं, कारण तिथल्या पेशी अजून वाढत्या असतात आणि हवा भरपूर मिळते. मधला भाग बऱ्याचदा फिकाच राहतो. परीक्षकांना दाखवायला एवढं पुरतं, आणि कड हिरवी, पोट पांढरं असं का, हा तोंडी परीक्षेला उत्तम प्रश्न आहे.

या वर्षी परीक्षेची बॅच आम्ही १३ एप्रिलला दुपारी पेरली. १४ ला आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून प्लेटा रांजणात जवळजवळ दोन दिवस राहिल्या. सुट्टीच्या दिवशीही मामा येऊन वाळूला पाणी घालून गेले होते. पंधराला सकाळी साडेसातला, खिडक्यांना काळे पडदे लावून, त्यांनी टॉर्च धरला आणि मी डबा उघडला. एक एक करत बाराही प्लेटा खाली ठेवल्या.

"नुसती कड नाही मॅडम," मामा म्हणाले, "मधीबी हिरवं हाय."

तापमापीवर कमाल २९ होतं. ते मी प्लेटांच्या आधी जर्नलमध्ये लिहून घेतलं.